सुरू होतो, पण टिकत नाही : मोटारहोममधील जनरेटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी पेट्रोलवर चालणारे, तीस फूट लांबीचे एक जुने मोटारहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेतले. आमच्या भागातील बर्फामुळे ऑक्टोबरपासून एप्रिलअखेरपर्यंत ते उभेच असते. यंदा मे महिन्यात त्यातील चार हजार वॉटचा जनरेटर लावून पाहिला. तो पहिल्याच प्रयत्नात सुरू होतो, पंचवीस-तीस सेकंद चालतो, त्याचा आवाज वरखाली होऊ लागतो आणि तो बंद पडतो. पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केला, तर तेवढाच वेळ चालतो. आम्ही बॅटरी नवी घातली आणि स्पार्क प्लग बदलला. फरक पडला नाही. एका दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडताच संपूर्ण कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदलावा लागेल, असे सांगितले आहे. जुलैमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाण्याचा बेत आहे. कार्बोरेटर बदलावा का?
— एक वाचक, मिशिगन, अमेरिका

उत्तर : इतक्यात बदलू नये. कार्बोरेटर दोषी असण्याची शक्यता चांगलीच आहे. परंतु तुमच्या पत्रातील वर्णनाला आणखी तीन कारणे तितकीच जुळतात, आणि ती चारही एका दुपारी, फारसा खर्च न करता तपासता येतात. बॅटरी आणि प्लग यांच्यावर खर्च झालाच आहे. आता एकही सुटा भाग तपासणीवाचून विकत घेऊ नये, असा माझा आग्रह राहील.

जनरेटर बंद पडतो, यापेक्षा तो केव्हा बंद पडतो, याला निदानात अधिक महत्त्व आहे. सुरू करण्याचे बटण सोडताच बंद पडणारा, अर्ध्या मिनिटाने बंद पडणारा आणि पंधरा मिनिटे नीट चालून मग बंद पडणारा, या तिघांचे आजार वेगवेगळे असतात. तुमचा जनरेटर पंचवीस-तीस सेकंदांनी बंद पडतो, आणि नेमक्या याच अवधीत यंत्रात बऱ्याच घडामोडी होतात. कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीत जे थोडेसे पेट्रोल साठलेले असते, ते याच सुमारास संपू लागते. मागून पुरवठा आला नाही, तर इंजिन तेवढ्या साठ्यावरच चालून थांबते. थंड इंजिनाला हवेच्या मानाने जास्त पेट्रोल मिळावे म्हणून मिटलेला चोक याच सुमारास आपोआप उघडू लागतो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात, कचरा असेल, तर चोक मिटलेला असेपर्यंत ती उणीव झाकली जाते आणि तो उघडताच उघडी पडते. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मोटारहोममधील वीज बाहेरच्या जोडणीवरून जनरेटरवर आणणारा जो स्वयंचलित स्विच असतो, तो जनरेटर स्थिर व्हावा म्हणून मुद्दाम काही सेकंद, पुष्कळदा अर्ध्या मिनिटापर्यंत, थांबतो आणि मग घरातील सगळा भार एकदम जनरेटरवर टाकतो.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी आहे. जनरेटरच्या अंगावरच जो ब्रेकर असतो, तो बंद करून जनरेटर सुरू करावा. आता तो व्यवस्थित चालत राहिला, तर भार सहन न होणे हा आजार आहे आणि शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागेल. चार हजार वॉट म्हणजे १२० व्होल्टला सुमारे ३३ अँपिअर. छतावरचे दोन एअर कंडिशनर, विजेवरचा पाणी तापवण्याचा हीटर आणि बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर हे सगळे एकाच क्षणी सुरू झाले, तर निरोगी जनरेटरही गुदमरतो. आवाज वरखाली होतो असे तुम्ही लिहिता, त्यावरून भाराऐवजी पेट्रोलच कमी पडत असावे, असा माझा कयास आहे. तरीही ही तपासणी टाळू नये, कारण तिला दोन मिनिटे लागतात आणि एक अख्खी शंका मिटते.

ब्रेकर बंद असतानाही जनरेटर बंद पडला, तर पुढे काहीही उघडण्यापूर्वी पेट्रोलच्या टाकीचा काटा पाहावा. टाकीत पेट्रोल किती आहे, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला सर्वांत आधी तेच विचारावेसे वाटते. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारहोममध्ये गाडीचे इंजिन आणि जनरेटर एकाच टाकीतून पेट्रोल घेतात. मात्र जनरेटरची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडलेली नसते. साधारण पाव टाकी उरली की तिचे तोंड उघडे पडावे, अशी ती मुद्दाम आखूड ठेवलेली असते. रात्रभर जनरेटर चालवून सकाळी गाडीच जागेवर अडकून पडू नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे काटा पावाजवळ असेल, किंवा त्याच्या थोडा वर असला तरी गाडी उतारावर उभी असेल, तर गाडी बिनतक्रार सुरू होते आणि जनरेटर मात्र हवाच ओढत राहतो. टाकी निम्म्याहून अधिक भरून, सपाट जागी गाडी उभी करून पुन्हा पाहावे.

एवढ्यानेही गुण आला नाही, तर प्रश्न असा उरतो की कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही, की पोहोचलेले पेट्रोल कार्बोरेटर पुढे देत नाही. याचा निकाल लावण्याची एक खात्रीची रीत आहे. पूर्ण थंड असलेला जनरेटर सुरू करावा, आणि तो बंद पडल्याबरोबर फ्लोटच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल पत्र्याच्या लहान डब्यात घ्यावे. हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची ऋण तार काढून आणि अग्निशामक हाताशी ठेवून करावे. स्वयंपाकाच्या शेगडीची किंवा फ्रिजची गॅसवरची ज्योत त्या वेळी पेटलेली नसावी. वाटी कोरडी निघाली किंवा चमचाभरच पेट्रोल आले, तर दोष पुरवठ्यात आहे. वाटी भरलेली असेल, तर पुरवठा ठीक असून जेट किंवा चोक तपासावा. बाहेर आलेले पेट्रोलही नीट पाहावे : त्याला जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येत असेल, किंवा डब्याच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसत असेल, तर सात महिन्यांच्या मुक्कामाने काय केले आहे, ते तिथेच कळते. अमेरिकेतील पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते; ते हवेतील ओलावा शोषते, आणि ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात.

समजा, वाटी कोरडी निघाली. मग जनरेटरच्या पंपाकडे जाणारी नळी काढून, तिच्या जागी ताज्या पेट्रोलच्या लहान कॅनमधून आलेली तात्पुरती नळी जोडावी आणि यंत्र चालवून पाहावे. कॅनवर जनरेटर छान चालला, तर पंप आणि कार्बोरेटर दोन्ही निर्दोष ठरतात आणि दोष टाकी ते पंप या टप्प्यात सापडतो. जुन्या मोटारहोममध्ये इथला गुन्हेगार बहुधा टाकीच्या माथ्यावरचा वीतभर रबरी नळीचा तुकडा असतो. रबर वाळते, त्याला केसासारख्या चिरा पडतात. पण तिथून पेट्रोल गळत नाही, कारण ही नळी पंपाच्या ओढण्याच्या बाजूला असते आणि चिरांतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गावाकडे विहिरीवर पंप पाहिलेल्या वाचकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. फूटव्हॉल्व्हच्या बाजूचा पाइप चिरला की मोटार फिरत राहते, जमिनीवर एक थेंब सांडत नाही, आणि तरीही पाणी चढत नाही. मोटार ‘एअर घेते’ म्हणतात ते हेच. म्हणून ‘कुठेही गळती नाही’ या एका वाक्यावर नळीला निर्दोष ठरवू नये. टाकी खाली उतरवावी लागली तरी ती नळी बदलावी, आणि नवी नळी इथेनॉलला टिकणारी घ्यावी. तिच्या अंगावर ‘एसएई ३०आर७’ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा ‘३०आर९’ असा छाप असतो. वाटेतील फिल्टरही त्याच वेळी नवा घालावा.

कॅनवरही जनरेटर बंद पडला आणि वाटी कोरडीच राहिली, तर पंप किंवा त्यालगतचा फिल्टर तपासावा. बऱ्याच जनरेटरमध्ये बंद करण्याचे बटण दाबून धरले की इंजिन न फिरवता नुसता पंप चालतो. त्याची टकटक ऐकू येत नसेल, तर पंप बदलण्यापूर्वी त्याला बारा व्होल्ट पोहोचतात की नाही, हे मीटर लावून पाहावे.

आता कार्बोरेटर. वाटी भरलेली असताना इंजिन हेलकावे खात बंद पडत असेल, आणि चोक हाताने थोडासा मिटवला की ते सावरत असेल, तर जेट बुजले आहे हे जवळपास निश्चित समजावे. भाराविना आवाज वरखाली होतो पण भार दिल्यावर स्थिरावतो, असे झाले तर लहान जेटमध्ये कचरा असतो; भाराविना ठीक चालून भार देताच मान टाकत असेल, तर मुख्य जेटवर संशय घ्यावा. नुकताच साचलेला थर असेल, तर कार्बोरेटर उतरवून, क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा वापरून तो मोकळा होतो. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नये; पितळ मऊ असते, भोक किंचित वाढले तरी मिश्रणाचे गणित कायमचे बिघडते. हिरवट पांढरा, दाणेदार थर धातूत मुरलेला दिसला, तर मात्र सफाईवर वेळ घालवू नये. अशा वेळी तुमच्या दुरुस्ती करणाऱ्याचा सल्ला योग्य ठरेल आणि कार्बोरेटर बदलावा. एवढेच की नवा कार्बोरेटर जुन्या नळीला आणि आंबलेल्या पेट्रोलला जोडला, तर पुढच्या मे महिन्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

सायलेन्सरमधील ठिणगी अडवणारी जाळी काजळीने भरली तरी इंजिनाचा श्वास कोंडतो. ती काढून ब्रशने साफ करणे हे नित्याचे काम आहे. पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे ते करावे.

यलोस्टोनविषयी. तेथील मोठ्या सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ७,७३३ फूट उंच आहे. तिथे हवा विरळ असल्याने मिशिगनमध्ये जमलेले मिश्रण पेट्रोलने जड होते आणि इंजिन धूर सोडत खोकू लागते. अनेक जनरेटरच्या कार्बोरेटरवर उंचीप्रमाणे फिरवण्याची चकती असते. ती वर जाताना त्या उंचीच्या आकड्यावर आणि परतल्यावर पुन्हा खालच्या आकड्यावर न्यावी. घरी आल्यावर ती तशीच राहिली, तर मिश्रण दुबळे होऊन इंजिन जास्त तापते, आणि ती गोष्ट अधिक घातक आहे. शिवाय दर हजार फुटांमागे पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. सरोवराकाठी तुमच्या चार हजार वॉटचे जेमतेम तीन हजार उरतील, त्या हिशेबाने उपकरणे लावावीत.

येत्या हिवाळ्यापूर्वी पेट्रोल टिकवणारे द्रव्य टाकीत घालावे आणि त्यानंतर जनरेटर पंधरा-वीस मिनिटे चालवावा, म्हणजे ते वाटीपर्यंत पोहोचेल. ही दुसरी पायरी लोक विसरतात. शक्य असेल त्या महिन्यात दोन तास, निम्मा भार देऊन यंत्र चालवणे, हा त्याच्या आयुष्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रश्न : आमच्या मोटारहोममधील जनरेटर बटण दाबून धरले तोवर उत्तम चालतो, आणि बोट काढताच त्याच क्षणी थांबतो. ऑइल पुरेसे आहे, पेट्रोल ताजे आहे. तो दोन वर्षे वापरात नव्हता. हाही कार्बोरेटरचाच दोष असेल का?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका

उत्तर : नाही. पेट्रोल कमी पडणारे इंजिन अडखळत थांबते. दिवा मालवल्यासारखे थांबणारे इंजिन कोणीतरी थांबवलेले असते. तुमच्या बाबतीत ते काम बहुधा नियंत्रक पट्टी करत आहे, आणि ती का करते, एवढेच शोधायचे आहे.

बटण दाबलेले असताना पंपाला, प्रज्वलनाला आणि जनरेटरच्या चुंबकीय वेटोळ्याला बॅटरीतून वीज मिळते. बोट काढल्यावर यंत्राने स्वतः निर्माण केलेली वीज पाहून नियंत्रक त्याला चालू ठेवतो. ती दिसली नाही, किंवा ऑइलच्या दाबाचा इशारा चुकीचा आला, तर तो प्रज्वलन तोडतो. म्हणून एकाने बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने जनरेटरच्या विजेच्या टोकांवर मीटर धरावा. हे १२० व्होल्टचे काम आहे. त्याची सवय नसेल, तर जाणकाराकडूनच करून घ्यावे. मीटरवर पाच-दहा व्होल्टच दिसले, तर यंत्र वीज निर्माण करत नाही. दोन वर्षे पडून राहिलेल्या जनरेटरमध्ये स्लिप रिंगवर (फिरत्या वेटोळ्याला वीज पोहोचवणाऱ्या कड्यांवर) काळपट थर चढलेला असतो आणि कार्बनचे ब्रश आपल्या खोबणीत अडकलेले असतात. रिंग बारीक घासून आणि ब्रश मोकळे करून यंत्र पूर्ववत झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. त्याने भागले नाही, तर व्होल्टेज रेग्युलेटर तपासावा.

मीटरवर पूर्ण १२० व्होल्ट असतील, तर ऑइलचा स्विच, त्याची तार आणि नियंत्रक पट्टी यांकडे वळावे. इथे एक विनंती आहे. ऑइलच्या स्विचची तार काढून इंजिन चालवून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. स्विच वाईट आहे की दाबच खरोखर कमी आहे, हे आधी दाबमापक लावून ठरवावे. दाब खरोखर कमी असताना स्विच बाजूला ठेवला, तर इंजिन काही मिनिटांत जळून बसते.

त्यापूर्वी मात्र गाडीखाली जाऊन जनरेटरची सांगाड्याशी असलेली जोडणी पाहून घ्यावी. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ही जोडणी गंजायला ते पुरेसे असते. बोल्ट काढून, धातू लखलखीत होईपर्यंत घासून, पुन्हा घट्ट बसवावा. कित्येक जनरेटरमध्ये बंद पडल्यावर बटणातला दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते लुकलुकणे मोजून पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहिले, तर वरीलपैकी निम्मी तपासणी वाचू शकते.

प्रश्न : राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आल्यानंतर आम्ही मित्रांनी एका व्हॅनचे कॅरॅव्हॅनमध्ये रूपांतर केले. मागच्या कप्प्यात दोन हजार वॉटचा सुटा पेट्रोल जनरेटर बसवला आहे. आवाज कमी यावा म्हणून कप्प्याचे दार लावून घेतो. जनरेटर पंधरा मिनिटे चालतो आणि बंद पडतो. अर्ध्या तासाने पुन्हा चालतो. पेट्रोल ताजे आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : हे उत्तर वाचल्यावर तो जनरेटर आधी कप्प्यातून बाहेर काढावा, आणि नंतर बाकीचे वाचावे. मोटारहोममध्ये कायमचे बसवण्यासाठी बनवलेल्या जनरेटरचा धूर बंदिस्त नळीने गाडीबाहेर नेलेला असतो आणि त्याचा कप्पा राहत्या भागापासून धूर झिरपणार नाही असा तोडलेला असतो. सुटा जनरेटर उघड्यावर ठेवण्यासाठी असतो. दार लावलेल्या कप्प्यात तो स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढतो, प्राणवायू कमी पडून गुदमरतो आणि बंद पडतो. तापलेल्या कप्प्यात कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीतील पेट्रोलची वाफही होते. जो धूर इंजिनात पेट्रोल नीट जळू देत नाही, तोच फटींतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो लागल्यावर जाग येईलच असे नाही. तुमचा जनरेटर पंधरा मिनिटांत बंद पडत आला, म्हणूनच आजवर अनर्थ टळला असावा, असे मला मनापासून वाटते.

बाहेर, गाडीपासून निदान वीस फूट दूर, धुराचे तोंड गाडीच्या विरुद्ध दिशेला करून, सपाट जमिनीवर तो चालवून पाहावा. बहुतेक वेळा बंद पडण्याची तक्रार तिथेच संपते. तरीही पंधरा मिनिटांनी थांबला, तर टाकीचे झाकण सैल करावे. ‘फस्स’ असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि जनरेटर लगेच सुरू झाला, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे : पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होते आणि खाली उतरणारे पेट्रोल अडते. झाकण धुऊन छिद्र मोकळे करावे किंवा झाकण बदलावे. काही यंत्रांच्या झाकणावर हवेची खटकी असते; ती प्रवासात बंद केलेली तशीच राहिली आहे का, हेही पाहावे.

घाटातल्या उतारावर मुक्काम केला असेल, तर ऑइल पुरेसे असूनही ते एका बाजूला सरकते आणि कमी ऑइलचा स्विच इंजिन थांबवतो. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते या जनरेटरला चालते का, हे पुस्तिकेत पाहावे, आणि महिनाभर वापर नसेल तर टाकी व फ्लोटची वाटी दोन्ही रिकामी करून ठेवावी.

गाडीत झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा, आणि रात्री झोपण्यापूर्वी जनरेटर बंद करून दिवे-पंखे बॅटरीवर घ्यावेत.